भांडी बाजारातलं दुकान: लेखांचे मुख्य विषय ठरवतानाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

नाशिकच्या भांडी बाजारातल्या दुकानाचं काम आजपासून सुरू. तांब्या-पितळेची भांडी, पूजेचं सामान, जुनी भांडी मोडीत घेणं, कल्हई (भांड्याला आतून कथलाचा मुलामा) करून देणं असं सगळं चालतं तिथे, काकांच्या वडलांपासूनचं दुकान. वेबसाइट आहे, तिच्यावर ब्लॉगही आहे, आधीच्या एका एजन्सीने भरून ठेवलेला. काकांचं म्हणणं एकच, "लेख ढीगभर आहेत पण ते वाचून आलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही." वहिनी (काकांची सून, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅप त्याच बघतात) म्हणाल्या की ताई आम्हाला महिन्याला दोन लेख झेपतील, त्याच्या वर नाही, तर ते कशावर लिहायचे तेवढं पक्कं करून द्या.

म्हणजे लिहिण्याआधीचं काम आहे. तीन-चार मुख्य विषय ठरवायचे, प्रत्येकाखाली छोटे विषय, आणि पुढचं वर्षभर त्याच्या बाहेर जायचं नाही. ऐकायला सोपं आहे पण बहुतेक छोटे धंदे इथेच गडबडतात, कारण विषय ठरवायला बसले की सगळे आधी शोधाचे आकडे दाखवणारं टूल उघडतात. मी यावेळी टूल शेवटी उघडणार आहे.

९ जुलै, बुधवार

जुना ब्लॉग वाचून काढला. 'तांब्याच्या भांड्यात पाणी पिण्याचे १० फायदे', मग 'तांब्याचे पाणी: ७ आश्चर्यकारक फायदे', मग त्याच गोष्टीचे हिवाळ्यातले फायदे. मध्येच 'आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या शुभेच्छा'. एक लेख स्टेनलेस स्टीलच्या फायद्यांवर, आणि दुकानात स्टीलचा चमचासुद्धा विकत नाहीत!! फोटो सगळे फुकटच्या साइटवरचे, एकात तर रशियन समोवार दिसतोय.

एकाच प्रश्नावर तीन पानं असली की ती एकमेकांचीच वाट अडवतात, गूगलला कळत नाही की यातलं नेमकं कुठलं दाखवायचं, आणि मग बऱ्याचदा कुठलंच धड वर येत नाही. सर्च कन्सोलचा (लोक काय शोधून साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) अ‍ॅक्सेस मागवलाय. त्यात मागच्या १६ महिन्यांचा डेटा राहतो, त्यामुळे गेली दिवाळी आणि लग्नसराई दोन्ही दिसतील.

१२ जुलै, शनिवार

आज काउंटरला बसले. काकांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी काही बोलणार नाही, फक्त लोक काय विचारतात ते वहीत उतरवणार. पाऊस होता तरी गर्दी बरी होती. रविवार कारंजाकडून भिजत आलेली माणसं आधी दोन मिनिटं नुसती आडोशाला उभी राहतात आणि मग उभं राहिलोच आहे तर विचारू म्हणून सुरू होतात, आणि असे प्रश्न फार भारी असतात, त्यात घ्यायचा आव नसतो.

वहीतले काही जसेच्या तसे:

"हे तांबंच आहे ना, का वरून पाणी दिलंय?"
"आजीचं पितळी पातेलं आहे, त्यात ताक कळकलं, आता ते वापरायचं का नाही?"
"पावसाळ्यात बाटली काळी का पडते, दोन महिन्यांपूर्वी तर घेतली."
"मोडीचा काय भाव देता, हंडा आहे जुना, चेपलाय."
"मुलीच्या लग्नात द्यायचंय, समई किती मोठी घ्यावी, उचलता यायला पाहिजे."
"गॅसवर चालेल का? इंडक्शनवर?"
"कल्हईला किती दिवस लागतील, गुरुवारी सत्यनारायण आहे."

दिवसभरात एकानेही 'तांब्याच्या पाण्याचे फायदे' विचारले नाहीत. दुकानात येणारा माणूस फायदे वाचून, ऐकून, आईने सांगून, कसंही करून आधीच पटलेला असतो, तो येतो तेव्हा त्याचा प्रश्न पुढचा असतो. आणि जुना अख्खा ब्लॉग त्या आधीच्या पायरीवर उभा आहे, जिथे देशभरातल्या हजार साइट तेच लिहितायत.

काकांनी उत्तरं कशी दिली तेही लिहून घेतलं. 'तांबंच आहे ना' वाल्या बाईंना त्यांनी चुंबक लावून दाखवलं आणि स्वतःच म्हणाले, "ताई, चुंबक चिकटलं नाही म्हणजे तांबंच असं नाही हां, चुंबक पितळेलाही चिकटत नाही, अ‍ॅल्युमिनियमलाही नाही. यातून फक्त आत लोखंड नाही एवढं कळतं." मग वजन हातात दिलं, तळ दाखवला, काठाची दुमड दाखवली. तीन मिनिटांत बाईंनी कळशी घेतली. आपल्याच मालाच्या परीक्षेत काय कळत नाही हे दुकानदारानेच सांगितल्यावर समोरच्याचा जो विश्वास बसतो तो कुठल्या 'शुद्धतेची १००% हमी' ने बसत नाही.

१५ जुलै, मंगळवार

कल्हई बघायला गेले. दुकानाचं काम करणारे चाचा मागच्या गल्लीत बसतात, तांबट लेनच्या बाजूला. फोनवर रेकॉर्डिंग केलं, त्यांची परवानगी घेऊन.

भांडं आधी घासून पार उघडं केलेलं, पितळेचा पिवळा रंग दिसत होता. कोळशाची शेगडी, खाली पूर्वी भाता असायचा आता छोटा ब्लोअर आहे. पातेलं सांडशीत धरून फिरवत फिरवत तापवलं, मग चिमूटभर नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर, नाकात जाणारा, मी मागे सरकले आणि ते हसले. त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवली, टेकवल्या टेकवल्या ती वितळून चकाकत पसरली, आणि कापसाच्या बोळ्याने दोन-तीन गोल हातांत पूर्ण पातेलं आतून आरशासारखं. मग थेट पाण्यात, चर्रर्र. सगळं मिळून चहा निवायच्या आत.

विचारलं की तापलंय हे कसं कळतं, तर म्हणाले, "कथील लगेच पळालं पाहिजे. थांबलं तर थंडं आहे, काळं पडलं तर जास्त झालं."

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. हा आकडा मी नंतर लेखात टाकेन, पण खरं उत्तर चाचांचंच आहे. आणि याच आकड्यातून गिऱ्हाइकाच्या कामाचं निघतं: कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून विसरलात तर कल्हई वितळते, ठिपके ठिपके होऊन तळाशी जमते. त्यात कोरडं भाजायचं नाही, तारेच्या घासणीने घासायचं नाही. चाचांकडे येणाऱ्या भांड्यांपैकी बरीचशी याच दोन कारणांनी लवकर येतात असं ते म्हणाले.

काका तिथे नव्हते ते बरं, नाहीतर मध्येमध्ये बोलले असते.

१८ जुलै, शुक्रवार

वहीतले प्रश्न, वहिनींच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रश्न (गेल्या दिवाळीपासूनचे स्क्रोल करून काढले, डोळे गेले), गूगलवरच्या रिव्ह्यूमधले प्रश्न, सगळं एका शीटमध्ये. शंभराच्या वर गेलेत. आज फक्त गठ्ठे पाडले. मुद्दाम कुठल्या भांड्याबद्दल आहे यावर नाही पाडले, माणूस कुठल्या घडीला विचारतोय यावर पाडले. घेण्याआधी, घेताना, घरी नेल्यावर, बिघडल्यावर, आणि जुनं झाल्यावर.

मोठा गठ्ठा निघाला 'घरी नेल्यावर आणि बिघडल्यावर'. काळं पडलं, हिरवं चढलं, डाग गेला नाही, आतली कल्हई गेली, कशाने घासू, चिंच चालते का, पितांबरी रोज लावली तर झिजेल का, लिंबूपाणी तांब्याच्या बाटलीत ठेवलं तर चालतं का (नाही चालत, आंबट पदार्थात तांबं उतरतं. ताक कळकतं तेही याचमुळे).

वहिनींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "पण ही लोकं तर आधीच घेऊन गेलेली, त्यांच्यासाठी लिहून आपल्याला काय?" रास्त प्रश्न. पण घरातलं भांडं काळं पडलं म्हणून शोधणारी बाई नाशिकची असेल तर तिला कल्हईचं दुकान हवंय, आणि ती एक भांडं घेऊन येते तेव्हा रिकाम्या हाताने परत जात नाही. हे मी नाही सांगत, काकांच्या बिलबुकात कल्हईच्या पावतीखाली त्याच तारखेला दुसरी खरेदी दिसते, कुठे पळी, कुठे ताम्हण, कुठे नुसती घंटा. दुसरं म्हणजे अजून घेतलं नाही पण 'सांभाळायला किती कटकट' म्हणून अडलेत, असे लोकही हेच शोधतात.

२२ जुलै, मंगळवार

आज टूल उघडलं.

कीवर्ड प्लॅनर, ट्रेंड्स (कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणारी गूगलची साधनं), आणि गूगलच्या खोक्यात टाइप करताना खाली जे सुचवतं ते. मराठीत आकडे फार तुटपुंजे दिसतात, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. त्यावरून मराठीत कोणी शोधत नाही असा अर्थ बरेच जण काढतात आणि सगळं इंग्रजीत लिहून मोकळे होतात. पण सर्च कन्सोलमध्ये बघितलं तर आपलीच माणसं देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत अशी चारही प्रकारे येतायत, एकच प्रश्न चार तोंडांनी. बोलून शोधणारेही असणार, कारण काही वाक्यं इतकी लांब आहेत की कोणी टाइप करणार नाही, 'पितळेच्या भांड्याला कल्हई करणारे नाशिकमध्ये कुठे आहेत' अशी.

ठरलं असं की लेख मराठीत, देवनागरीत. पानाचा पत्ता रोमनमध्ये. लेखात एखाद्या वाक्यात हिंदी नाव सहज येईल तिथे येऊ द्यायचं, कलई म्हणतात ते, पण तेच शब्द ठासून भरायचे नाहीत. इंग्रजी आवृत्ती फक्त गिफ्टच्या पानांना, कारण कॉर्पोरेट ऑर्डरवाले, अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधले, इंग्रजीत शोधतात आणि मेलही इंग्रजीत टाकतात.

टूलने एक गोष्ट चांगली दाखवली. मोडीबद्दल लोक शोधतात आणि त्यावर धड माहिती जवळजवळ कुठेच नाही. भाव लिहिलेली पानं आहेत पण ती जुनी. आपण भाव लिहायचाच नाही, तो रोज हलतो, आपण लिहायचं की भाव ठरतो कसा: तांबं का पितळ का काशाचं, वजन किती, त्यात लोखंडी कडी किंवा डाग दिलेला (झाळलेला सांधा) आहे का, आणि मोड देऊन नवं घेताना मजुरी वेगळी का लागते. हे पुढच्या वर्षीही खरंच असेल.

२६ जुलै, शनिवार

आज खडाजंगी.

काकांना 'आरोग्य' हा मुख्य विषय हवाच आहे. "अगं लोक तेच वाचतात." मी म्हटलं काका वाचतात, पण आपल्याकडचं का वाचतील? तांब्याच्या पाण्यावर डॉक्टर लिहितात, वैद्य लिहितात, मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या साइट लिहितात. गूगल पैसा आणि आरोग्य या विषयांवर लिहिणारा कोण आहे हे जास्त कडक बघतं. भांड्याच्या दुकानाने तिथे जाऊन काय सांगायचं?

शिवाय धोकाही आहे. जुन्या एका लेखात 'डायबेटिस नियंत्रणात येतो' असं सरळ लिहिलंय. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे, त्याच्या यादीत डायबेटिस आहे. विकणाऱ्याने आपल्या मालाच्या साइटवर असं लिहू नये, बस. तो लेख आजच्या आज काढायला सांगितला आणि वहिनींनी माझ्यासमोर काढला.

काका थोडे नाराज. मग मी म्हटलं की एक पान ठेवू, एकच, त्यात जेवढं नक्की आहे तेवढंच: तांब्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे काही जंतू मेल्याचा २०१२ चा प्रयोगशाळेतला अभ्यास आहे, पिण्याच्या पाण्यात तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, तांब्यात आंबट ठेवू नये, बाटली आतून रोज धुवावी, आणि बाकी डॉक्टरांना विचारा. जुने फायदेवाले सगळे लेख या एका पानाकडे वळवायचे. ३०१ रीडायरेक्ट म्हणजे काय ते काकांना सांगताना दुकान हललं की जुन्या जागी 'पुढच्या गल्लीत आलोय' अशी पाटी लावतात तसं म्हटलं. "मग पाटी मोठी लावा," म्हणाले. चला, पटलं.

२९ जुलै, मंगळवार

काल पहिला श्रावणी सोमवार. दुकानात अभिषेक पात्र, गळती, पळी-पंचपात्री, तांब्याचे गडू, बेलपत्र ठेवायची ताटली, हेच. वहिनींचा फोन दिवसभर वाजत होता. प्रश्न बघा: गळतीचं भोक केवढं असावं, धार लागावी का थेंब थेंब, तांब्याच्या पात्रातून दुधाचा अभिषेक करावा का नाही (नको म्हणतात, त्यासाठी चांदी किंवा पितळ सांगतात), त्र्यंबकला घेऊन जायचंय तर हलकं कुठलं, स्टँडसकट बसेल का घरच्या पिंडीवर.

पूजेचा विषय पक्का. याला सणांचं चाक आपोआप लागतं: श्रावण, गौरी-गणपती, नवरात्रातला घट, दिवाळी, तुळशीचं लग्न. पण लिहायचं ते मापाबद्दल, धातूबद्दल आणि वापराबद्दल. धर्मशास्त्र सांगायला गुरुजी आहेत, आपण 'परंपरेत असं सांगतात' एवढ्यावर थांबायचं. गळतीचं भोक मात्र दुकानाइतकं कोणाला कळत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज विषय पक्के करायला बसलो, काका, वहिनी आणि मी, दुकानाच्या माळ्यावर, खाली घंगाळांचा ढीग. चाळणी एकदम साधी लावली. विषय सुचला की चार प्रश्न. याच्याखाली डझनभर तरी वेगवेगळे छोटे प्रश्न निघतात का? दोन वर्षांनी हे खरं राहील का? वाचून झाल्यावर माणसाला दुकानात यायचं, फोन करायचं काही कारण उरतं का? आणि चौथा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो: दुकानातलं कोणीतरी या विषयावर कागद न बघता पंधरा मिनिटं बोलू शकतं का?

चौथ्या प्रश्नाने भराभर काटछाट झाली. 'आयुर्वेद' गेला, 'इंटिरियर सजावट' गेला (वहिनींचा होता, त्या स्वतःच म्हणाल्या की मी तीन मिनिटं बोलेन), 'भांड्यांचा इतिहास' मुख्य विषय म्हणून गेला कारण काका बोलतात तासभर पण त्यातलं निम्मं घराण्याचं असतं. त्यातून दोन सुरेख लेख निघतील, मठारकाम म्हणजे काय आणि ठोके मारल्याने तांबं कडक का होतं, ते दुसऱ्या विषयाखाली घातले.

उरले चार. निगा आणि कल्हई. ओळख आणि खरेदी, म्हणजे तांबं, पितळ, काशाचं यातला फरक, वजन, जाडी, फसवणूक कशी ओळखायची. पूजेची भांडी. आणि लग्न-रुखवत-भेट. मोडीचं काय करायचं यावर बराच वेळ गेला, स्वतंत्र विषय करावा इतके प्रश्न निघत नाहीत, दहाच्या आत संपतं, म्हणून तो खरेदीखाली. लोक मोड घेऊनच नवं घ्यायला येतात तेव्हा जागा बरोबर आहे.

प्रत्येक विषयाला एक मोठं पान, ज्यात सगळं थोडक्यात, आणि तिथून छोट्या लेखांना लिंक, छोट्यातून परत मोठ्याला. छोट्या लेखात एकच प्रश्न. एका प्रश्नाला एकच पान. शीटमध्ये एक कॉलमच ठेवलाय, 'हा प्रश्न आधी कुठे आलाय का', तो भरल्याशिवाय नवीन लेख सुरू करायचा नाही.

चारही सारखे वाढवायचे नाहीत. वर्षातले निम्मे लेख निगा आणि कल्हईवर. का, तर तिथे दुकानाकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल तिसरा सोमवार, त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी, दुकान संध्याकाळपर्यंत ओसंडत होतं आणि आज काका त्याच जोशात: "कुंभमेळा घ्या पाचवा विषय."

कळतं मला. तारखा जाहीर झाल्यात, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, मग ३१ ऑगस्ट, मग सप्टेंबरात. २०१५ च्या सिंहस्थात तांब्याचे गडू किती गेले ते काका अजून सांगतात. नाशिकच्या प्रत्येक दुकानदाराच्या डोक्यात सध्या तेच आहे आणि प्रत्येक नाशिकची साइट तेच लिहिणार, स्नानाच्या तारखा, पार्किंग, रामकुंडाला कसं जायचं. त्या गर्दीत भांड्याचं दुकान हरवणार. आणि २०२७ संपलं की त्या पानांचं काय? पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी.

म्हणून कुंभ हा पूजेच्या भांड्यांखालचा एक फाटा. तीन-चार लेख पुरेत: गंगेचं (म्हणजे गोदावरीचं) पाणी घरी न्यायला कुठलं भांडं, झाकण घट्ट बसणारा गडू कसा निवडायचा, प्रवासात तांब्याचं भांडं चेपू नये म्हणून काय, घाऊक भेटीसाठी ऑर्डर किती आधी द्यायची. हे हिंदीतही करायचे, येणारा माणूस हिंदीत शोधेल. आणि हे लेख २०२६ च्या सुरुवातीलाच चढवायचे, ऐन वेळी नाही. पान जुनं व्हायला, गूगलने नीट वाचायला वेळ लागतो.

काका म्हणाले बारा वर्षांनी परत कामाला येतीलच की ते लेख! तेही खरंच.

२० ऑगस्ट, बुधवार

लिहिणार कोण आणि कसं यावर आज. वहिनींना लिहायला बसलं की सुचत नाही पण बोलायला लावलं की थांबत नाहीत. म्हणून पद्धत अशी: गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला की संध्याकाळी काका किंवा वहिनी तो प्रश्न बोलून व्हॉइस नोट टाकणार, उत्तरासकट. मी ती उतरवून लेख करते, काका वाचतात, चूक असेल तर लाल पेनाने. लेख काकांच्या नावाने जाणार. गूगलने डिसेंबर २०२२ पासून आपल्या निकषांत 'प्रत्यक्ष अनुभव' वेगळा धरलाय, पण ते नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. एआयला 'कल्हईवर लेख लिही' म्हटलं तर लिहितो की, गुळगुळीत, पण 'थांबलं तर थंडं आहे, काळं पडलं तर जास्त झालं' हे तो कुठून आणणार.

फोटो दुकानातलेच, मोबाइलवर, खिडकीच्या उजेडात. कळंक चढलेल्या भांड्याचा फोटो टाकायला काका तयार नव्हते, "घाण दिसतं." पण लोक आपल्या भांड्यावर चढलंय ते हेच का ते बघायला येतात. शेवटी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही शेजारी टाकायचे ठरलं.

त्यांची दुसरी भीती, सगळं सांगितलं तर लोक घरीच करतील. चिंच-मिठाने तांब्या घासतील, घासू देत ना, त्यासाठी तसंही कोणी दुकानात येत नव्हतं. पण नवसागराचा धूर आणि तापलेलं पातेलं बघून कोणी घरी कल्हई करायला बसणार नाही. उलट एवढ्या मेहनतीचे इतकेच पैसे का घेता असं विचारतील.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला, भांड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के, २२ सप्टेंबरपासून म्हणजे नेमका घटस्थापनेला. सकाळपासून वहिनींना एकच प्रश्न, आता घेऊ का थांबू? त्यांनी लगेच विचारलं, लेख टाकू?

टाका, पण ब्लॉगवर नको. हा प्रश्न महिन्यात मरणार. इन्स्टावर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला, आणि गूगलवर दुकानाचं जे प्रोफाइल आहे तिथे अपडेट म्हणून चार ओळी. मुख्य विषय ठरलेले असले की असल्या वेळी पटकन ठरवता येतं कुठलं कुठे जाईल. खरेदीच्या मोठ्या पानात फक्त 'भाव = वजन × दर, अधिक मजुरी, अधिक जीएसटी' हा हिशोब राहील, टक्का तिथे बदलला की झालं.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिले दोन लेख चढले. एक 'पितळेच्या भांड्यात ताक का कळकतं', दुसरा 'कल्हई गेली हे कसं ओळखायचं'. दुसऱ्याच्या तळाशी दुकानाचा नकाशा, कल्हईला द्यायचे-न्यायचे वार, आणि भांडं आणताना काय करून आणायचं (रिकामं, कोरडं, कडीचा स्क्रू सैल असेल तर आधी सांगा). तेवढा तळाचा मजकूर काकांनी तीनदा बदलून घेतला. बाकी लेखाला एक लाल खूणही नाही.

प्रश्नोत्तरांचा स्कीमा (पानावर प्रश्नोत्तरं आहेत हे गूगलला सांगणारा कोड) घालू का असं वेबसाइटवाल्या दादांनी विचारलं. ऑगस्ट २०२३ पासून ते प्रश्न शोधात उघडून दिसणं गूगलने सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइटपुरतं ठेवलंय, तर त्यात वेळ नको घालवायला. त्यापेक्षा फोन नंबर मोबाइलवर एका बोटाने लागतो का ते बघा म्हटलं. लागत नव्हता.

धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला. त्याआधी खरेदीचं मोठं पान उभं राहायलाच हवं, बाकी सगळं मागे गेलं तरी चालेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

खरेदीचं पान झालं, लांबच लांब झालंय, पण काका म्हणतात एक शब्द काढू नको. चुंबकाचा किस्सा त्यात वरच घेतलाय. नव्या बाटल्यांना काही वेळा पारदर्शक लॅकर असतं, त्याने त्या काळ्या पडत नाहीत पण मग पाणी तांब्याला लागतच नाही, हे वहिनींनी व्हॉइस नोटमध्ये सहज सांगितलं होतं, त्यावर वेगळा छोटा लेख निघाला.

सर्च कन्सोलमध्ये कल्हईच्या लेखावर शोध दिसायला लागलेत, थोडेच आहेत, पण शब्द बघितले तर नाशिक, पंचवटी, सिडको, ओझर अशी गावं-भाग जोडून येतायत. फायदेवाल्या लेखांवर देशभरातून यायचे आणि जायचे. काल एक आजोबा ओझरहून पातेलं घेऊन आले, नातवाने मोबाइलवर दाखवलं म्हणाले. काका त्यांना चहा पाजून, लेख मीच लिहिलाय असं सांगून मोकळे झाले, आणि एका अर्थी लिहिलाच आहे की त्यांनी.

पुढचं: रुखवताच्या पानासाठी समयांची उंची आणि वजन मोजून घ्यायचंय, वहिनी रविवारी वेळ देतील. चाचांकडे काशाच्या भांड्यांबद्दल विचारायचं राहिलंय. तांबं-कथलाचं मिश्रण, साधारण ७८ ला २२, पडलं की तडकतं, डाग देता येतो का नाही यावर काका आणि चाचा यांचं जमत नाही, दोघांना समोरासमोर बसवून रेकॉर्ड करते. शीट वहिनींच्या नावावर केली, जानेवारीत कुंभच्या लेखांना हात घालताना परत बसू.